विश्लेषण : आईचे घरखर्चाचे गणित आजही जुळते का?

डब्यात पैसे वेगळे काढणे, उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरणे, महिन्याला भिशी लावणे... मराठी घरांत आईने या सवयींवर संसार उभा केला. आज पगार थेट खात्यात येतो आणि फोनवरून खर्च होतो. मग जुन्या युक्त्यांपैकी कोणत्या अजून उपयोगी आहेत, कोणत्या सोडून द्याव्यात आणि या काटकसरीची किंमत घरात नेमके कोण मोजते?

आईची पद्धत नेमकी काय होती?

काटकसर म्हटले की आपल्याला आठवते ती भाजीवाल्याशी केलेली घासाघीस. पण घर त्या दोन-पाच रुपयांवर चालत नसे. ते चालत असे पगाराच्या दिवशी होणाऱ्या वाटणीवर.

पगाराचे पाकीट हातात आले की आई आधी वाटे करायची. घरभाडे, वाण्याची बाकी, दूध, मुलांची फी, भिशी. प्रत्येकाचे पैसे वेगळ्या पाकिटात किंवा डब्यात. थोडे पैसे डाळीच्या नाही तर मोहरीच्या डब्यात लपवलेले असायचे. ते कशासाठी आहेत हे तिलाच माहीत असायचे. उरलेल्या पैशांत महिना काढायचा.

दुसरा भाग वर्षाच्या हिशेबाचा. जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश आणि छत्र्या येणार, भाद्रपदात गणपती येणार, मग दिवाळी येणार. हे खर्च अचानक येत नाहीत, त्यांच्या तारखा ठरलेल्या असतात. त्यामुळे त्यांची तयारी आधीच्या महिन्यांत सुरू व्हायची.

तिसरा भाग वहीचा. अनेक घरांत कॅलेंडरच्या पानावरच दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख आणि इस्त्रीचे कपडे लिहिलेले असत. नवा सिलिंडर किती दिवस पुरला हे त्यावरून कळायचे.

म्हणजे आधी बाजूला काढणे, पुढचे ओळखणे आणि लिहून ठेवणे अशी ही तीन पायऱ्यांची पद्धत होती. बाकीच्या युक्त्या त्या त्या काळापुरत्या होत्या.

तेव्हा सगळे लक्ष धान्यावरच का असायचे?

कारण पैसा तिथेच जात होता. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण भारतातील घरखर्चात एकट्या तृणधान्यांचा वाटा सुमारे २२ टक्के होता. शहरांत तो सुमारे १२ टक्के होता. गहू, तांदूळ, ज्वारी यांवरच एवढा खर्च होत असेल, तर हंगामात स्वस्त धान्य भरणे ही सर्वात मोठी बचत ठरणारच.

आता २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीचे आकडे पाहा. दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये. म्हणजे चौघांच्या शहरी घराचा महिन्याचा खर्च सरासरी २८ हजारांच्या आसपास. त्यात खाण्यापिण्याचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के आणि शहरांत ४० टक्क्यांच्या जवळ.

पण तृणधान्यांचा वाटा घसरून ग्रामीण भागात ५ टक्क्यांच्या आसपास आणि शहरांत ४ टक्क्यांच्या आत आला आहे. खाण्याच्या खर्चातला सर्वात मोठा भाग आता पेये, पाकीटबंद पदार्थ आणि बाहेरचे तयार अन्न यांचा आहे. एकूण खर्चात त्याचा वाटा ग्रामीण भागात सुमारे १० टक्के, तर शहरांत सुमारे ११ टक्के.

आई आपले लक्ष सर्वात मोठ्या खर्चावर ठेवत होती. आज तेच करायचे तर धान्याच्या कोठीबरोबर बिस्किटांच्या पुड्याकडे आणि फोनवरून मागवलेल्या जेवणाकडेही पाहावे लागेल.

मग वर्षभराचे धान्य भरणे सोडून द्यावे का?

सरसकट नाही, पण आकडेमोड करून ठरवावे. समजा चौघांच्या घरात महिन्याला १० किलो गहू लागतो. हंगामात आणि नंतरच्या किरकोळ भावात किलोमागे ६ रुपयांचा फरक पडला, तर वर्षाला ७२० रुपये वाचतात. तूरडाळ महिन्याला ३ किलो लागत असेल आणि फरक २० रुपयांचा असेल, तर ३६ किलोंमागे आणखी ७२० रुपये वाचतात. बचत खरी आहे, पण त्यासाठी जागा हवी, वेळ हवा आणि हातात रोख पैसे हवेत.

उधारीवर धान्य भरण्यात मात्र अर्थ नाही. क्रेडिट कार्डावर १० हजारांचे धान्य घेतले आणि बाकी वेळेत फेडली नाही, तर महिना साडेतीन टक्के दराने दरमहा ३५० रुपये व्याज लागते. चार महिन्यांत १,४०० रुपये गेले, म्हणजे वर्षभराची बचत संपली.

रेशन कार्डाचाही विचार करावा. प्राधान्य गटातील कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मोफत मिळते. अशा घराने गहू-तांदळापेक्षा डाळी आणि तेलाचे नियोजन आधी करावे.

भरायचेच असेल तर हंगाम पाहून भरावे. नवी तूर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत बाजारात येते. हरभरा आणि रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये आणि वाळलेली मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर. कांदा घ्यायचा तर एप्रिल-मेमधला उन्हाळी कांदाच घ्यावा. हवेशीर जागी पसरून ठेवला तर तो चार-पाच महिने टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकत नाही, तो लागेल तसाच आणावा.

साठवताना काय जपावे?

धान्याला कडक ऊन दाखवावे, पण गरम धान्य लगेच डब्यात भरू नये. आतल्या वाफेने ओल धरते आणि टोके होतात. रात्रभर गार होऊ द्यावे. कोरड्या डब्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. डाळीला एरंडेल तेलाचा हात लावण्याची जुनी पद्धतही चांगली आहे.

दोन गोष्टी मात्र बंद कराव्यात. तांदळाला बोरिक पावडर चोळणे ही पहिली, कारण बोरिक ॲसिड हा खाण्याचा पदार्थ नाही. दुसरी अधिक धोक्याची. गोदामात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातल्या धान्यात कधीही ठेवू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू बंद घरात जीवघेणा ठरतो. धान्य वाचवण्यासाठी माणसे धोक्यात घालण्यात काही शहाणपण नाही.

स्वयंपाकघरातल्या कोणत्या सवयी आजही पैसे वाचवतात?

पहिली सवय वाया न घालवण्याची. उरलेल्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाताचा फोडणीचा भात, दोडक्याच्या शिरांची चटणी, उरलेल्या वरणात सोडलेली वरणफळे. या पदार्थांनी एक वेळचा नाश्ता निघतो. तोच नाश्ता बाहेरून आणला तर चौघांचे सव्वाशे-दीडशे रुपये सहज जातात. महिन्यातून सहा वेळा हे टळले तरी गॅसच्या खर्चाला हातभार लागतो. शिळे म्हणजे मात्र आदल्या रात्रीचे आणि नीट ठेवलेले, वास आलेले नव्हे.

दुसरी सवय यादी करून बाजारात जाण्याची. आई डबे पाहून यादी करायची. आज दुकानात ‘एकावर एक मोफत’ पाहून यादी बनते. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते असे नाही. अनेक पाकिटांवर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापलेली असते, ती पाहावी. वजनही पाहावे, कारण पुड्याची किंमत तीच ठेवून आतले वजन कमी झालेले असू शकते.

तिसरी सवय गॅसची. डाळ, राजमा, छोले आधी भिजवून कुकरला लावले तर कमी वेळात शिजतात. शिट्टी झाल्यावर आच कमी करावी आणि शेवटची काही मिनिटे कुकरला आपल्या वाफेवर सोडावे. भांड्यावर झाकण ठेवावे. ज्योत पिवळी दिसत असेल तर बर्नर साफ करायला हवा.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सिलिंडरचे रिकामे वजन त्यावर लिहिलेले असते. शंका आली तर घरी आणून देणाऱ्याकडे वजन करून मागावे, तो ग्राहकाचा हक्क आहे.

विजेचे बिल कुठून कमी होते?

दिवे बंद करण्याची आईची सवय चांगलीच आहे, पण एलईडीच्या काळात त्यातून होणारी बचत लहान झाली आहे. पूर्वीचा साधा बल्ब ६० वॉटचा असायचा, आजचा एलईडी ९ वॉटचा असतो. आता लक्ष मोठ्या उपकरणांकडे हवे.

एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. २,००० वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. साधा पंखा सुमारे ७५ वॉटचा असतो. रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट होतात. ३० वॉटचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात ११ युनिटच्या आत राहतो. तीन पंखे बदलले तर महिन्याला सुमारे ४८ युनिटचा फरक पडतो. अर्थात पंखा महाग असतो. म्हणून जुना बिघडेल तेव्हा एकेक बदलावा.

महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत. टप्पा ओलांडला की त्यापुढच्या युनिटला वरचा दर लागतो. १०० युनिटपर्यंतचा आणि त्यापुढचा दर यांत बरेच अंतर आहे. म्हणून बिलात रकमेआधी युनिट पाहावेत. गेल्या महिन्याचे आणि या महिन्याचे युनिट शेजारी लिहिले की कुठे वाढ झाली ते कळते.

फोनवरच्या पैशाचे डबे कसे करायचे?

डब्यातल्या पैशांचा एक मोठा फायदा होता. डबा रिकामा होताना दिसायचा. फोनवरून पैसे देताना ते दिसत नाही. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले तेव्हापासून सुट्ट्या पैशांची कटकट गेली, पण पाकीट हलके होत असल्याची जाणीवही गेली. बाहेरचा चहा आणि वडापाव मिळून ४० रुपये ही रक्कम छोटी वाटते. महिन्यातले २५ दिवस ती दिली तर १,००० रुपये आणि वर्षाला १२,००० रुपये होतात. वर्षाचे धान्य भरून गहू आणि डाळीत वाचलेल्या रकमेच्या ही आठपट आहे.

म्हणून चहा सोडा असे नाही. ती हौस असेल तर तिचाही डबा हवा. त्यासाठी तीन सोपे मार्ग आहेत.

एक, दोन खाती ठेवावीत. पगार ज्या खात्यात येतो ते खाते फोनला जोडू नये. महिन्याच्या वरखर्चाची रक्कम दुसऱ्या खात्यात टाकावी आणि तेच यूपीआयला जोडावे.

दोन, यूपीआय लाइट वापरावे. यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार पिन न टाकता होतात. दर सोमवारी आठवड्याची रक्कम भरावी आणि आपोआप पैसे भरण्याची सोय बंद ठेवावी. रक्कम संपली म्हणजे डबा रिकामा झाला. एक लक्षात ठेवावे, यातले छोटे व्यवहार बँकेच्या पासबुकात वेगवेगळे दिसत नाहीत, ते ॲपमध्येच पाहावे लागतात.

तीन, ‘ऑटोपे’ची यादी उघडून पाहावी. कधी काळी सुरू केलेली सिनेमा-मालिकांची, गाण्यांची किंवा खेळाची वर्गणी महिन्यामागून महिने कापली जात असते. यूपीआय ॲपमध्येच ती बंद करता येते.

‘नो कॉस्ट’ हप्ते खरोखर फुकट असतात का?

नाही. क्रेडिट कार्डावरील शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज कुठे तरी असतेच. कधी रोखीने मिळाली असती ती सवलत जाते, कधी प्रक्रिया शुल्क लागते आणि व्याजाच्या भागावर जीएसटी आकारला जातो. म्हणून एकच प्रश्न विचारावा : आज सगळे पैसे दिले तर कितीला देणार? तो आकडा आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज यांतला फरक म्हणजे आपण भरणार असलेले व्याज.

त्याहून मोठा सापळा कार्डाच्या ‘किमान देय रकमे’चा आहे. समजा २० हजार बाकी आहे आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे १,००० रुपये आहे. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ७०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १२६ रुपये. १,००० रुपये भरूनही मूळ बाकी फक्त १७४ रुपयांनी घटते. या गतीने कर्ज वर्षानुवर्षे फिटत नाही.

घरात अशी बाकी असेल तर नवी बचत सुरू करण्याआधी ती फेडावी. वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरातले व्याज वाचवणे, याहून चांगला परतावा कोणतीही सुरक्षित ठेव देत नाही.

भिशी आजही सुरक्षित आहे का?

भिशीचा हिशेब सोपा आहे. बारा जणींनी महिन्याला २,००० रुपये काढले की दर महिन्याला एकीला २४,००० मिळतात. जिचा नंबर आधी लागतो तिला बिनव्याजी कर्ज मिळते. जिचा शेवटी लागतो तिची सक्तीची बचत होते, पण व्याज मिळत नाही. शेजारणींचा विश्वास आणि दर महिन्याची भेट हा तिचा खरा आधार आहे. ओळखीतली, छोटी, बारा-पंधरा जणींची भिशी म्हणून चालते.

पण कायद्याचे पाठबळ तिला जवळजवळ नसते. चिट फंडांसाठी १९८२ चा कायदा आहे आणि त्याखाली नोंदणी लागते. अनोळखी माणूस चालवत असलेली, मोठ्या रकमेची, भरघोस परताव्याचे किंवा सोडतीत गाडीचे आमिष दाखवणारी ‘भिशी’ दिसली तर तिथून दूरच राहावे.

पर्यायही आहेत. पोस्टातली आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते आणि पाच वर्षांची असते. बचत गटात बँक खाते आणि हिशेबाचे पुस्तक असते, शिवाय गटाला बँकेचे कर्जही मिळू शकते.

ठेवीबाबत एक नियम पाठ असावा. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र ते नाही. गावोगावी ‘बँक’ समजूनच पतसंस्थेत पैसे ठेवले जातात, त्यामुळे हा फरक मोलाचा आहे.

महिना कोलमडतो तो कशामुळे?

बहुतेक घरांत आजारपणामुळे. आईने वर्षभर वाचवलेले पैसे दवाखान्याच्या तीन दिवसांत जातात. त्यामुळे औषधपाण्याची तयारी हीसुद्धा काटकसरच आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. आपल्या गावाजवळचे संलग्न रुग्णालय कोणते हे आजारी पडण्याआधी शोधून ठेवावे आणि रेशन कार्ड व आधार एका पिशवीत तयार ठेवावे.

मधुमेह, रक्तदाब यांसारख्या रोजच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून मागावे. जनऔषधी केंद्रात तेच औषध बरेच स्वस्त मिळते.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आहे. जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा आहे आणि त्यासाठी वयाच्या ५० वर्षांपर्यंत नाव नोंदवता येते. दोन्ही मिळून वर्षाला ४५६ रुपये. हप्ता बँक खात्यातून कापला जातो, म्हणून मे महिन्यात खात्यात तेवढी रक्कम असू द्यावी.

या काटकसरीची किंमत कोण मोजते?

हा प्रश्न घरात सहसा विचारला जात नाही. दूध कमी पडले की आईचा चहा बिनदुधाचा होतो. भाजी कमी पडली की ती लोणच्याशी जेवते. अंडे मुलांना, फळ आजोबांना आणि ‘मला नको, मला आवडत नाही’ हे तिचे वाक्य. हिशेबाच्या वहीत ही बचत कुठेच लिहिलेली नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, पण ताटात काय आणि किती पडते हे त्यातले एक मोठे कारण आहे. आईच्या ताटातून होणारी बचत ही बचत नसते. ते कर्ज असते आणि ते पुढे दवाखान्यात फेडावे लागते.

दुसरी किंमत वेळेची. २०२४ च्या वेळ वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात असे दिसले. घरकाम करणारे पुरुष देतात ८८ मिनिटे. धान्य निवडणे, ऊन दाखवणे, स्वस्त भाजीसाठी लांबच्या बाजारात जाणे, घरी मसाला करणे, हे सगळे त्याच तासांतून येते. ती नोकरीही करत असेल तर ‘घरी करणे स्वस्त पडते’ हे वाक्य तिचा वेळ फुकट धरूनच खरे ठरते. काटकसर घराची असेल तर तिची कामेही घराने वाटून घ्यायला हवीत. गहू निवडायला, यादी करायला आणि बिलावरचे युनिट लिहायला मुले आणि वडीलही बसू शकतात.

तिसरी गोष्ट मालकीची. मोहरीच्या डब्यातले पैसे आईचे होते, पण कागदावर तिच्या नावे काहीच नसायचे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत जुलै २०२४ पासून पात्र महिलांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येऊ लागले. तेव्हा अनेक घरांत आईच्या नावाच्या खात्यात पहिल्यांदाच नियमित रक्कम दिसली. पैसा कुठूनही येवो, घराच्या बचतीचा काही भाग तिच्या नावे, तिला चालवता येईल अशा खात्यात असायला हवा. पिन तिला माहीत असावा आणि वारसनोंद झालेली असावी. घरातल्या सगळ्या ठेवी, विमे आणि कर्जे यांची यादी तिच्याजवळही असावी. अडचणीच्या दिवशी घराला सर्वात आधी हीच माहिती लागते.

सुरुवात कुठून करावी?

समजा चौघांचे घर आहे आणि महिन्याला ३०,००० रुपये हातात येतात. पगाराच्याच दिवशी वाटे असे पडू शकतात :

- घरभाडे : ८,०००
- किराणा आणि गॅस : ६,५००
- दूध, भाजी, फळे, अंडी : ५,०००
- शाळा आणि प्रवास : ४,०००
- वीज, फोन, इंटरनेट : २,०००
- औषधे : १,०००
- सण, पाहुणे, आहेर : १,०००
- बाहेरचे खाणे आणि हौस : १,०००
- बचत : १,५००

प्रत्येक घराचे आकडे वेगळे असतील. कुठे भाडे नसेल पण कर्जाचा हप्ता असेल, तर कुठे उत्पन्नच महिन्यागणिक बदलत असेल. रोजंदारीच्या किंवा हंगामी कमाईच्या घराने चांगल्या महिन्याची सवय लावून घेऊ नये. गेल्या वर्षातला सर्वात कमी कमाईचा महिना धरून वाटे करावेत. चांगल्या महिन्यात वर उरेल ते पुढच्या वाईट महिन्यासाठी ठेवावे.

पहिल्या महिन्यात काहीही कमी करू नये, फक्त लिहावे. वहीत लिहा, फोनमध्ये लिहा किंवा कॅलेंडरवर. महिनाअखेरीस तीन सर्वात मोठ्या रकमांभोवती गोल करा. दुसऱ्या महिन्यात त्यांपैकी एकीवरच काम करा.

वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची बेरीज करून तिला बाराने भागा. शाळा, सण आणि विमा मिळून १८,००० होत असतील तर महिन्याला १,५०० रुपये वेगळे पडायला हवेत. ही रक्कम वरच्या वाट्यांत आधीच धरली आहे का, ते तपासा. नसेल तर जून आणि दिवाळी उधारीवरच जाणार.

बचतीचा पहिला टप्पा एका महिन्याच्या खर्चाएवढा ठेवा. तो गाठायला वर्ष-दोन वर्षे लागली तरी चालेल. तेवढी रक्कम बाजूला असली की पगार लांबला किंवा कोणी आजारी पडले तरी कर्जाच्या ॲपकडे बोट जात नाही.

शेवटचे काम पैशांचे नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून अर्धा तास ही वही पाहावी. दहावीतल्या मुलालाही कळू द्यावे की महिन्याचे इंटरनेट कितीला पडते आणि बाबांनाही कळू द्यावे की तेलाचा डबा किती दिवस पुरतो. इतकी वर्षे हे गणित एकट्या आईच्या डोक्यात होते. ते कागदावर आले आणि सगळ्यांचे झाले, तर ‘मला नको’ म्हणण्याची वेळ एकट्या तिच्यावर येणार नाही.